ज्येष्ठ निवासाच्या हिशेब विभागातील नऊ महिने

ऑक्टोबर २०२४ ते जून २०२५ असे नऊ महिने मी पुण्यातील एका ज्येष्ठ निवास कंपनीच्या हिशेब विभागात औद्योगिक प्रशिक्षणार्थी म्हणून काम केले. सीएच्या अभ्यासक्रमात आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए फर्ममधील सक्तीच्या उमेदवारीच्या, शेवटच्या वर्षात नऊ ते बारा महिने एखाद्या उद्योगात प्रशिक्षण घेण्याची मुभा असते. बहुतेक विद्यार्थी त्यासाठी कारखाना, बँक किंवा आयटी कंपनी गाठतात. ज्येष्ठ निवासाचा विचार फारसा कोणी करत नाही, आणि मलाही हे ठिकाण एका वरिष्ठ आर्टिकलने सुचवले म्हणूनच कळले. आधी कोणी लिहून ठेवले असते तर मला त्याचा उपयोग झाला असता, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. पुढे काही तक्रारीही येतील, त्यामुळे कंपनीचे नाव देत नाही. माझे मत मात्र आधीच सांगते. ज्याला ताळेबंदाची देण्यांची बाजू मुळापासून समजून घ्यायची आहे, त्याने असे ठिकाण मिळाले तर जरूर घ्यावे. पहिल्या दीड महिन्यात आपल्याला कोणी आपणहून काही शिकवील, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

माझ्या नातेवाइकांत मी ‘वृद्धाश्रमात’ काम करते असेच सांगितले जात असे. हा गैरसमज दूर करणे हिशेबाच्या दृष्टीनेही आवश्यक आहे, कारण जीएसटीचा कायदाच या दोहोंत फरक करतो. सरकारने चालवलेला किंवा आयकर कायद्याखाली धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेचा वृद्धाश्रम साठ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीकडून निवास, भोजन आणि देखभाल मिळून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत घेत असेल, तर त्या सेवेवर कर नाही. ही सवलत जुलै २०१८ मध्ये आली. आमची कंपनी खासगी मर्यादित आणि नफ्यासाठी चालणारी असल्याने ती तिला लागू नव्हती. इथे राहणारी माणसे कोणी निराधार नव्हती. निवृत्त प्राध्यापक, बँक अधिकारी, शिक्षिका, डॉक्टर अशी ती मंडळी होती. बहुतेकांची मुले परदेशात किंवा दुसऱ्या शहरात होती. त्यांनी विचारपूर्वक परतफेडीची ठेव भरून घर घेतले होते आणि त्या घराबरोबर जेवण, स्वच्छता, सुरक्षा व वैद्यकीय मदत विकत घेतली होती. म्हणजे ते ग्राहक होते आणि ग्राहकाचे सर्व हक्क त्यांना होते, ही गोष्ट आमच्या साहेबांनी मला पहिल्याच दिवशी बजावून सांगितली.

त्या पहिल्या दिवसानंतरचे पाच आठवडे निराशाजनक होते. मला एका कोपऱ्यातील टेबल मिळाले आणि खरेदीच्या बिलांचा गठ्ठा समोर आला. भाजी, दूध, गॅस, धुलाई, लिफ्टची देखभाल, जनरेटरचे डिझेल अशी बिले टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायची, टीडीएस कापायचा आहे का ते पाहायचे आणि वाऊचर फायलीला लावायचे, एवढेच काम होते. हे काम हलके आहे असे मी म्हणत नाही. एखाद्या संस्थेचा खर्च कसा चालतो हे त्यातूनच कळते. पण फर्ममध्ये वर्षभर हेच तपासून आलेल्या विद्यार्थ्याला पाच आठवडे तेच करायला लावणे म्हणजे त्याच्या नऊ महिन्यांतला मोठा हिस्सा वाया घालवणे आहे. कोणत्या महिन्यात कोणते काम शिकायचे, याचा कागदावर लिहिलेला आराखडा नव्हता. मी सहाव्या आठवड्यात स्वतःच एक पान लिहून साहेबांपुढे ठेवले, तेव्हा त्यांनी ते वाचून दोन ओळी बदलल्या आणि सही केली. तो आराखडा पुढे बऱ्यापैकी पाळला गेला, हे त्यांचे श्रेय आहे. पण तो विद्यार्थ्याने मागावा लागू नये.

याहून गंभीर तक्रार लॉगिनची होती. सुरुवातीला मला एका रजेवर असलेल्या सहकाऱ्याच्या नावाने टॅलीत काम करायला सांगितले गेले. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीचा आणि बदलाचा माग राहणे बंधनकारक आहे. कोणी, कधी, काय बदलले हे त्यात दिसते आणि लेखापरीक्षकाला त्यावर आपल्या अहवालात भाष्य करावे लागते. मी केलेल्या नोंदी दुसऱ्याच्या नावावर पडत असतील, तर त्या मागाला काही अर्थ उरत नाही, आणि उद्या चूक निघाली तर ती त्या बिचाऱ्या सहकाऱ्याच्या माथी जाते. मी हे बोलून दाखवले. कोणी रागावले नाही, पण माझा स्वतःचा लॉगिन मिळायला एकोणीस दिवस लागले. फर्ममध्ये आपण ज्या गोष्टीवर ग्राहकाला शेरा देतो, तीच गोष्ट टेबलाच्या अलीकडे बसल्यावर ‘चालतंय, करून टाक’ म्हणून पुढे ढकलली जाते, हे मी तिथे पाहिले. पुढे अशा ठिकाणी जाणाऱ्याने मुलाखतीतच स्वतःच्या लॉगिनबद्दल विचारावे.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस मला रहिवाशांची मासिक बिले देण्यात आली आणि तिथून या प्रशिक्षणाचा रंग बदलला. बिल दिसायला साधे असते, पण त्याच्या प्रत्येक ओळीमागे कराचा वेगळा विचार असतो. समजा सेवाशुल्क २२,००० रुपये आहे, त्यावर १८ टक्के दराने ३,९६० रुपये जीएसटी. भोजनाचे ९,००० रुपये, त्यावर ५ टक्के म्हणजे ४५० रुपये. फिजिओथेरपीच्या आठ बैठका प्रत्येकी ६०० रुपयांप्रमाणे ४,८०० रुपये, आणि ती आरोग्यसेवा असल्याने त्यावर कर नाही. एकूण बिल ४०,२१० रुपये. रात्री सोबतीला राहणाऱ्या मदतनीस बाईंचे शुल्क असेल तर ती आरोग्यसेवा मानायची की नाही, हा प्रश्न येतो. कंपनीच्या कर सल्लागारांनी तिला करपात्र धरले होते आणि त्यामागची कारणे मला तासभर बसून समजावून सांगितली. हे सारे एकाच रकमेच्या पॅकेजमध्ये बांधले असते, तर तो मिश्र पुरवठा, म्हणजे वेगवेगळ्या सेवांची एका किमतीत बांधलेली मोट, ठरून सगळ्यावरच वरचा दर लागण्याचा धोका होता. म्हणून कंपनी प्रत्येक सेवा वेगळी दाखवते. पुस्तकातील संमिश्र (स्वाभाविकपणे एकत्रच दिल्या जाणाऱ्या सेवांचा) आणि मिश्र पुरवठ्याचा फरक मी परीक्षेसाठी दोनदा पाठ केला होता. तो समजला मात्र या बिलांवर.

त्याचीच दुसरी बाजू इनपुट क्रेडिटची, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या देय करातून वजा करून घेण्याची. ५ टक्के दराच्या भोजनसेवेवर क्रेडिट घेता येत नाही आणि करमुक्त आरोग्यसेवेवरही नाही. मग सुरक्षा, स्वच्छता, लेखापरीक्षण, इंटरनेट अशा सामाईक खर्चावरील क्रेडिटचे काय करायचे? जीएसटीच्या नियम ४२ प्रमाणे ते प्रमाणात वाटून काही भाग परत करावा लागतो, दर महिन्याला तात्पुरता आणि वर्षअखेरीस अंतिम. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर येणारे क्रेडिटचे विवरण खरेदीशी जुळवायचे आणि २० तारखेच्या आत परत करायच्या क्रेडिटची रक्कम काढून द्यायची, हे काम चौथ्या महिन्यापासून पूर्णपणे माझ्याकडे होते. नव्या स्वयंपाकघराचा मोठा फ्रीज आला तेव्हा त्याच्यावरील क्रेडिट अजिबात घ्यायचे नाही, आणि तसाच मोठा जनरेटर आला तेव्हा ते नियम ४३ प्रमाणे साठ महिन्यांत विभागून पाहायचे, असे दोन प्रसंग एकाच तिमाहीत आले. कारखान्यात प्रशिक्षण घेणाऱ्या माझ्या मैत्रिणीला नऊ महिन्यांत नियम ४२ एकदाही लागला नाही.

बिलांच्या कामातला एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका आमच्या खिडकीशी आल्या. हातात डिसेंबरचे बिल आणि काळ्या पुठ्ठ्याची रोजनिशी. त्यांचे म्हणणे असे, की त्या डिसेंबरमध्ये अकरा दिवस रुग्णालयात होत्या, तरी भोजनाचे पूर्ण पैसे लावले आहेत. आमच्या सहकाऱ्याने नियम दाखवला. सलग पाच दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी असेल आणि आधी लेखी कळवले असेल, तरच भोजनाचे पैसे कमी होतात. त्या म्हणाल्या, “अहो, छातीत दुखायला लागलं तेव्हा मी आधी अर्ज लिहायला बसायचं होतं का?” आणि त्यांनी रोजनिशी उघडून दाखवली. कोणत्या दिवशी किती वाजता रुग्णवाहिका आली, कोणत्या दिवशी घरी आल्या, परत आल्यावर पहिले जेवण कोणते, सगळे सुवाच्य अक्षरात तारखेनिशी लिहिलेले होते. मी भोजनगृहाची हजेरी वही मागवली. तिथे त्या अकरा दिवसांपुढे रेघ होती, पण एक्सेलमध्ये माहिती भरणाऱ्याने ती रेघ गाळली होती. म्हणजे नियम बाजूला ठेवला तरी मूळ नोंदच आमची चुकलेली होती. दिवसाला ३०० रुपयांप्रमाणे ३,३०० आणि त्यावरील कर १६५, अशी ३,४६५ रुपयांची क्रेडिट नोट (बिलातून रक्कम कमी करणारा कागद) मी त्याच दुपारी तयार केली. साहेबांनी सही करताना नियमात ‘वैद्यकीय कारणाने अचानक दाखल झाल्यास पूर्वसूचनेची अट नाही’ अशी दुरुस्ती सुचवली, आणि ती फेब्रुवारीपासून लागू झाली. त्या काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती म्हणजे बिलावरचे अक्षर त्यांना भिंगाशिवाय वाचता येत नाही. बिलाचा नमुना बदलायला मला दोन दिवस लागले. अक्षर मोठे केले, प्रत्येक ओळीसमोर मराठीत सेवेचे नाव घातले आणि मागील बाकी वेगळ्या चौकटीत आणली. त्यानंतर खिडकीशी चौकशीला येणाऱ्यांची संख्या स्पष्टपणे कमी झाली.

आता ठेवींबद्दल. या प्रशिक्षणाचे खरे मोल इथे आहे, आणि माझ्या मते कोणत्याही वर्गात हा विषय इतक्या खोलात शिकवला जात नाही. रहिवासी येताना मोठी बिनव्याजी ठेव भरतो. करार संपल्यावर ती परत करायची असते. करार संपतो म्हणजे काय, तर रहिवासी घर सोडून मुलांकडे जातो, कायमच्या शुश्रूषेसाठी दुसरीकडे हलतो किंवा त्याचे निधन होते. कंपनीच्या ताळेबंदातील सर्वांत मोठे देणे हे असे आहे, आणि ते कधी देय होईल हे कोणालाच ठाऊक नसते. फेब्रुवारीत साहेबांनी मला ११२ ठेवींची नोंदवही दिली आणि सांगितले, “ही खतावणीशी जुळवून दे. मार्चच्या आत.”

नोंदवही प्रशासन विभागाने ठेवलेली होती आणि खतावणी हिशेब विभागाची. दोहोंच्या बेरजेत साडेसहा लाखांचा फरक होता. दोन वर्षे तो फरक ‘तपासायचे आहे’ या शेऱ्यासह पुढे नेला जात होता. मी प्रत्येक रहिवाशाचा मूळ करारनामा काढून वाचायला घेतला. तीन आठवडे लागले, त्यातले चार दिवस तर नुसते करारनामे शोधण्यात गेले. फरकाचे कारण शेवटी साधे निघाले. एका दाम्पत्याने एका खोलीच्या घरातून दोन खोल्यांच्या घरात जाताना साडेसहा लाखांची वाढीव ठेव भरली होती. नोंदवहीत ती ठेवीत चढवली होती आणि खतावणीत मात्र रहिवाशांच्या अग्रिमांत जमा होऊन तशीच पडून होती. पैसे बँकेत होते, पावती दिलेली होती, कोणी काही लपवलेले नव्हते. फक्त घर बदलल्याची सूचना हिशेब विभागापर्यंत पोचली नव्हती. त्या दिवशी बेरजा जुळल्या तेव्हा मला झालेला आनंद मी लपवला नाही.

करारनामे वाचताना दुसरी, अधिक महत्त्वाची गोष्ट समोर आली. नव्या करारांत ठेवीतून दरमहा पाव टक्का वजावट होती, जास्तीत जास्त साठ महिन्यांपर्यंत. सुरुवातीच्या नऊ करारांत असे कलमच नव्हते. वजावटीची रक्कम कंपनी आतापर्यंत रहिवासी घर सोडताना एकदम उत्पन्नात घेत होती. वैधानिक लेखापरीक्षकांनी मागच्या वर्षी त्यावर आक्षेप घेतला होता. सेवा महिन्याला दिली जाते, वजावट महिन्याला लागते, तर उत्पन्नही महिन्याला दाखवले पाहिजे. वीस लाखांच्या ठेवीवर महिन्याला ५,००० रुपये होतात. वजावटीत कर धरलेला असल्याने त्यातील सुमारे ४,२३७ रुपये उत्पन्न आणि ७६३ रुपये जीएसटी. ठेव ही जोवर मोबदला म्हणून वापरली जात नाही, तोवर ती पुरवठ्याची किंमत मानली जात नाही, त्यामुळे कर वजावटीवरच लागतो, पूर्ण ठेवीवर नाही. मी १०३ करारांचे महिन्यानुसार तक्ते केले, साठ महिन्यांची मर्यादा ओलांडलेले वेगळे काढले आणि मागील वर्षांचा भाग स्वतंत्र दाखवला, कारण हिशेब मानक ५ प्रमाणे पूर्वकालीन बाबी चालू वर्षाच्या नफ्यात मिसळून दाखवता येत नाहीत. लेखापरीक्षकांच्या आर्टिकलने मे महिन्यात माझ्या तक्त्यातील वीस करार निवडून तपासले. एका ठिकाणी राहायला येण्याची तारीख मी ठेवीच्या पावतीवरून घेतली होती, ताबापत्रावरून नाही. ती चूक त्याने काढली आणि ती बरोबर होती.

मग वाद आला ठेवींच्या वर्गीकरणाचा. कंपनीला हे देणे दीर्घकालीन दाखवायचे होते. अनुभव असा, की बहुतेक रहिवासी अनेक वर्षे राहतात. पण कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे अनुभव काय सांगतो हा मुद्दाच नाही. ताळेबंदाच्या तारखेपासून किमान बारा महिने देणे पुढे ढकलण्याचा बिनशर्त हक्क कंपनीला नसेल, तर ते देणे चालू देणे, म्हणजे नजीकच्या काळात फेडायचे देणे, ठरते. आमच्या करारात रहिवासी एक महिन्याची सूचना देऊन घर सोडू शकत होता आणि त्यानंतर नव्वद दिवसांत ठेव परत करायची होती. म्हणजे ११२ पैकी ११२ ठेवी चालू देण्यात. त्यामुळे चालू गुणोत्तर (चालू मालमत्तेचे चालू देण्यांशी प्रमाण) एकदम खाली आले आणि बँकेच्या कर्जाच्या अटींचा प्रश्न उभा राहिला. या विषयावरच्या दोन बैठकांना मला बसू दिले गेले. साहेबांनी शेवटी लेखापरीक्षकांचे म्हणणे मान्य केले, बँकेला वेगळे स्पष्टीकरण लिहिले आणि ठेवींच्या ठरावीक हिश्शाइतकी रक्कम मुदत ठेवींत बाजूला असल्याचे ताळेबंदाला जोडलेल्या टिपणीत मांडले. त्या टिपणीचा पहिला मसुदा माझा होता. प्रशिक्षणार्थीला अशा बैठकीत खुर्ची मिळणे ही साधी गोष्ट नाही, आणि या कंपनीने ती दिली, याची नोंद मी आवर्जून करते.

ठेव परत करण्याचे काम मी तीनदा केले. त्यातले एक लक्षात राहिले आहे. एका आजोबांचे एप्रिलमध्ये निधन झाले. अडतीस महिने ते आमच्याकडे होते. वीस लाखांच्या ठेवीतून १,९०,००० रुपये वजा होऊन १८,१०,००० उरले, त्यातून शेवटच्या महिन्याची वीज, औषधे आणि इतर बाकी ११,३८० रुपये गेली, आणि देय रक्कम आली १७,९८,६२० रुपये. हा हिशेब अर्ध्या तासाचा होता. अडचण पुढे होती. नामनिर्देशन त्यांच्या पत्नीच्या नावे होते आणि त्या दोन वर्षांपूर्वीच वारल्या होत्या. वारस दोघे, मुलगी पुण्यात आणि मुलगा अमेरिकेत. मुलगी सगळी कागदपत्रे घेऊन आली, पण भावाचे संमतीपत्र भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित होऊन यायचे होते. ती आमच्यासमोर बसून म्हणाली, “आम्हां भावाबहिणीत काही वाद नाही हो, तुम्ही त्याला फोन लावून विचारा.” तिचे म्हणणे खरे होते आणि तरीही फोनवरच्या होकारावर धनादेश काढता येत नव्हता. हे तिला सांगण्याचे काम आमच्या विभागातल्या मॅडमनी केले, अतिशय हळुवारपणे आणि एकही नियम न वाकवता. तसे बोलता येणे हाही हिशेबनिसाच्या कामाचा भाग आहे हे मी त्या दिवशी पाहिले. रक्कम एकूण सत्तर दिवसांनी गेली, म्हणजे मुदतीच्या आत. त्यानंतर मी नोंदवहीत ‘नामनिर्देशन: व्यक्ती हयात आहे का’ असा रकाना वाढवला आणि सर्वांकडे विचारणा केली. सतरा ठिकाणी रकाना कोरा तरी होता किंवा नाव दिलेली व्यक्ती हयात नव्हती. जूनपर्यंत त्यातील चौदा अर्ज नव्याने भरून घेतले.

पुरवठादारांच्या कामाबद्दल थोडक्यात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिले करार असल्यास पंचेचाळीस आणि नसल्यास पंधरा दिवसांत न भरल्यास तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. त्यासाठी पुरवठादारांची उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) गोळा करून उत्पादक व सेवा देणारे एकीकडे आणि केवळ व्यापार करणारे दुसरीकडे, अशी यादी करावी लागली. कंत्राटी कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीच्या आणि ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) पावत्या तपासल्याशिवाय कंत्राटदाराचे बिल पास करायचे नाही, हा नियम तिथे कसोशीने पाळला जात होता. आयकर निर्धारणा, अपील, हस्तांतर मूल्य (एकाच समूहातील कंपन्यांमधल्या व्यवहारांची किंमत) यांतले काहीही मात्र इथे शिकायला मिळत नाही. ज्यांना कर क्षेत्रातच जायचे आहे त्यांनी फर्म सोडू नये.

सोयीगैरसोयींबाबत सांगायचे तर विद्यावेतन फर्मपेक्षा बरेच जास्त होते, पण त्याची तारीख निश्चित नव्हती. बहुधा महिन्याच्या मध्यावर येई, एकदा तर २२ तारखेला आले. बाहेरगावाहून येऊन खोलीचे भाडे भरणाऱ्या विद्यार्थ्याला हे अवघड जाते. दुपारचे जेवण रहिवाशांच्याच भोजनगृहात, विनामूल्य आणि खरोखर चांगले. वसाहत शहराबाहेर पाऊण तासाच्या अंतरावर होती आणि कंपनीची बस सव्वासहाला सुटे. महिनाअखेरीस साडेआठपर्यंत थांबावे लागे, तेव्हा परतीची सोय पहिले दोन महिने ज्याची त्याने करायची होती. मुलींच्या दृष्टीने हे अयोग्य होते. मॅडमनी विषय लावून धरला, तेव्हा डिसेंबरपासून गाडी मिळू लागली.

अर्ज करणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच पाहून घ्याव्यात. ज्यांच्या हाताखाली नोंदणी होते ते सीए इन्स्टिट्यूटचे सभासद असावे लागतात. तीन वर्षे सभासद असलेल्या असोसिएटला (साध्या सभासदाला) एका वेळी एक आणि फेलोला (वरच्या दर्जाच्या सभासदाला) दोन औद्योगिक प्रशिक्षणार्थी घेता येतात, त्यामुळे जागा कमी असतात. आपल्या प्रिन्सिपलना, म्हणजे फर्ममध्ये ज्यांच्याकडे आर्टिकलशिप चालू आहे त्या सीएंना, किमान तीन महिने आधी कळवावे लागते. शक्यतो असा काळ निवडावा की मार्चअखेर आणि त्यानंतरचे लेखापरीक्षण दोन्ही त्यात येतील. मी ऑक्टोबरऐवजी जुलैत रुजू झाले असते, तर ठेवींच्या वर्गीकरणाच्या त्या बैठका मला चुकल्या असत्या. सीए अभ्यासक्रमाच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिन्यांनी अंतिम परीक्षा असल्याने प्रशिक्षणाच्या काळात परीक्षेचे दडपण नसते, हाही फायदा आहे. मुलाखतीत ठेवींचे काम मिळेल का, हे स्पष्ट विचारावे. नाही म्हणाले तर दुसरे ठिकाण पाहावे, कारण मग उरते ते कोणत्याही हॉटेलच्या हिशेबासारखेच काम.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या जागी येणारा विद्यार्थी रुजू झाला. मी त्याला आराखड्याचे पान, करारनाम्यांची अनुक्रमणिका आणि ठेवींची नोंदवही समजावून दिली. पहिल्याच सकाळी त्याच्या टेबलावर त्याच्या स्वतःच्या नावाचा लॉगिन लिहिलेला कागद होता.